गोरड मास्तरांचं जांभळाचं पाणी

लग्नाला जाताना माणसं खिशाला पेन लावतात. आमचे गोरड मास्तर परीक्षानळी लावायचे. पेन मिरवायला असतं. मास्तरांची नळी वापरायला असायची.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, वऱ्हाड झाडाखाली लवंडलं की मास्तर पिशवी उचलून मांडवाच्या मागं जायचे. पिशवीत स्पिरिटचा दिवा, चिमटा आणि निळ्या द्रावणाची बाटली. आडोशाला जाऊन यायचं, चार थेंब निळ्या द्रावणात टाकायचे, नळी दिव्यावर धरायची आणि रंग बदलतो का ते बघायचं. लघवीत साखर उतरली असेल तर निळ्याचं हिरवं होतं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फारच उतरली असेल तर विटेसारखं तांबडं.

एका लग्नात नवऱ्याच्या आईनं हे पाहिलं आणि बोंब ठोकली, "आवं, धावा! मांडवामागं कोण करणी करतंय!"

दहा-वीस माणसं काठ्या घेऊन आली. मास्तर उकिडवे बसलेले. मान वर न करता म्हणाले, "करणी न्हाई, बाई. तुमची बुंदी कुठवर पोचली ते बघतुया." आणि नळी वर धरून म्हणाले, "ही बघा, हळद लागली!"

त्या दिवसापासून उंब्रजमध्ये "मास्तर मूत शिजवतो" ही म्हण झाली. कुणी फुकटचा खटाटोप करायला लागला की लोक ती वापरायचे. मास्तरांच्या कानावर आली तेव्हा त्यांनी वर्गात एवढीच दुरुस्ती केली: "शिजवत न्हाई. उकळतो."

मास्तर माण तालुक्यातले, म्हसवडकडचे. घरी मेंढरं. पाऊस वाट चुकून आला तरच बाजरी, नाहीतर मेंढरांमागं मुलूख फिरायचा. "आमच्या माणात गोड म्हंजे पावण्याच्या च्यात," ते सांगायचे. "पावना उठून गेला की आमी पोरं कप चाटायचो. आन् साखरेचा आजार कुणाला? तर मला! हितं कृष्णाकाठाला नोकरीला आलो, कुणाच्याबी दारात जा, हातावर गूळ. कुणाच्याबी गुऱ्हाळावर जा, तांब्याभर रस. न्हाई म्हटलं की माणूस रुसतंय. ह्यो आजार न्हवं गड्या, पावनचार हाय."

नळीतल्या रंगांना त्यांनी गावांची नावं दिली होती. निळा राहिला तर 'म्हसवडचं आभाळ', कारण तिथं ढगच नसतो. हिरवा म्हणजे 'उंब्रजचा ऊस'. पिवळा म्हणजे 'सांगलीची पेठ', हळदीमुळं. तांबडा म्हणजे 'वीटभट्टी'. सकाळी शाळेत येताना कुणी विचारलं, "काय मास्तर, कुठंवर?" तर ते उत्तर द्यायचे, "काल सांगलीला जाऊन आलो." नवख्या माणसाला वाटायचं, मास्तरांचे काय पाव्हणे आहेत का सांगलीला.

त्यांचं एकच वाक्य होतं: "आधी करू, मग बोलू." आणि करायचं ते स्वतःवर. दुष्काळाच्या वर्षी शाळेत पोरांना सुकडी मिळायची. एकदा आलेल्या पोत्याला वास मारत होता. हेडमास्तर म्हणाले, पोरं नाटकी आहेत. मास्तरांनी वाटीभर सुकडी सगळ्यांसमोर खाल्ली, दोन दिवस अंथरूण धरलं, आणि उठल्यावर तशीच एक वाटी हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. "आता तुमी," म्हणाले. ते पोतं त्याच दुपारी उकिरड्यावर गेलं.

मी त्यांचा विद्यार्थी. माझे वडील सांगलीजवळच्या माधवनगरला गिरणीत होते, मी शिकायला आजोळी उंब्रजला. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, संपाची पत्रकं होती. त्यांच्यावरच मी वाचायला शिकलो. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी कळलं. त्यामुळं कॉलेजात गेलो तसा मीही पत्रकं काढायला लागलो. हुंड्याविरुद्ध, बुवांविरुद्ध, कारखान्याच्या काटा मारण्याविरुद्ध. पत्रक छापलं की पहिली प्रत मास्तरांना द्यायची. ते शांतपणे वाचायचे आणि विचारायचे, "ह्यातलं तू बघितलेलं किती, आन् ऐकलेलं किती?" मला राग यायचा. अजूनही येतो, कारण अजूनही त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागतो.

मास्तरांना अख्ख्या गावात 'रं' म्हणणारा एकच माणूस होता: दौलत तात्या. पलटणीतून हवालदार होऊन आलेले. नदीकाठाला ऊस, मिशीला पीळ, आणि लढाईत मांडीत घुसलेल्या गोळीची गोष्ट, जी ते दर वेळी गोळी थोडी मोठी करून सांगायचे. मास्तर गावात नवे होते तेव्हा तात्यांनी त्यांना आपल्या सोप्यावरची खोली दिली, ती मास्तरांनी लग्न होईपर्यंत सोडली नाही. साखर दोघांना एकाच वर्षी निघाली. मास्तरांचं गोळीवर आणि पथ्यावर भागलं. तात्यांना मात्र रोज सकाळी सुई. कंपाउंडर सायकलवरून यायचा, आणि गोळी खाल्लेला हा गडी त्याची घंटा ऐकली की गोठ्यात लपायचा.

"तात्या, आवं शत्रूपुढं छाती काढलीत न्हवं?" मास्तर विचारायचे.

"शत्रू समोरनं येतो रं मास्तर. ह्यो मागनं टोचतोय!"

तर त्या वर्षी जांभळाच्या दिवसांत उंब्रजच्या बाजारात एक जीपवाला आला. कर्ण्यातून ओरडायचा, "पोटभर जेवा, वर जांभूळ प्या, सुईला रामराम करा!" जांभळाच्या अर्काच्या बाटल्या विकत होता. तात्यांनी बाटली काही घेतली नाही. "माझ्या बांधावर जांभळीचं झाड हाय, मी त्याचं पानी कशाला पिऊ?" असं म्हणून घरी आले आणि बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हुकूम सोडला: रोज जेवणानंतर तांब्याभर जांभळाचं पाणी. दुसऱ्या सकाळी कंपाउंडरला दारातूनच परत धाडलं.

मास्तरांना हे कळलं ते तात्यांच्या पायाकडं बघून. नवी करकरीत चप्पल अंगठ्याजवळच्या बोटाला चावली होती. जखम जुनी झाली तरी ओली. तात्या वर हळद दाबत होते.

"किती दिस झाले ह्येला?"

"चप्पल नवी हाय. वळण पडलं की बरं हुईल."

"चपलंला वळण पडंल. बोटाचं काय? आन् सुई?"

"सुई बंद. जांभूळ चालू. आता कसं, रग्गड जेवतो आन् वर पितो. म्हसवडवाल्या, तुला न्हाई कळायचं बागायतीतलं."

मास्तर तिथून थेट माझ्याकडं आले. मी सुट्टीला आलो होतो आणि जीपवाल्यावर पत्रक लिहूनच बसलो होतो. मथळा होता: 'जांभळ्या लुटारूंनो, चालते व्हा!' पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं की जांभळाच्या पाण्यानं साखरेवर काडीचाही परिणाम होत नाही.

"काडीचाही न्हाई? बघितलंस?" मास्तर.

"सर, यात बघायचं काय? उघड फसवणूक आहे!"

"मग उघडूनच बघू की."

मास्तरांनी स्वतःवर प्रयोग लावला. दुपारचं जेवण ठरलं: रोज तेच, तेवढंच. भाकरी, पिठलं आणि मुद्दाम गुळाचा खडा. जेवायच्या आधी मोकळं होऊन यायचं. एक दिवस वर साधं पाणी. एक दिवस जांभळं कुस्करून, गाळून, चिमूटभर मीठ घालून केलेलं पाणी. दोन तासांनी नळी. मास्तरीणबाई वैतागून गेल्या. "दुसऱ्यांच्या नवऱ्यास्नी पत्त्यांचा नाद असतोय, ह्येंला आपल्याच मुताचा," असं त्या शेजारणींना सांगायच्या, पण भाकरी मात्र तव्यावर रोज सारख्याच मापाची पडायची.

नळीचा रंग बघायला मी समोर बसायचो. साध्या पाण्याच्या दिवशी पिवळ्याच्या पुढं, नारिंगीकडं. जांभळाच्या दिवशी हिरवा. मला वाटलं, काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा साधं पाणी, पुन्हा नारिंगी. पुन्हा जांभूळ, पुन्हा हिरवा.

मास्तरांच्या चेहऱ्यावर मेंढी व्यायल्यावर धनगराच्या चेहऱ्यावर येतो तसला आनंद. माझं पत्रक मात्र समोर मरून पडलेलं.

"लिव्ह," मास्तर म्हणाले. "जेवणावर साधं जांभळाचं पाणी घेतलं तर साखर जराशी कमी चढती, असं एका माणसावर दिसलं."

"सर, ही ओळ घातली तर पत्रकाचा जीव जातो! लोक तेवढीच ओळ वाचतील. जीपवाला हीच ओळ कर्ण्यातून ओरडेल!"

"खाली लिव्ह की, सुई सोडू नका म्हणून. मोठ्या अक्षरात."

"पण ही ओळ लिहिलीच पाहिजे का?"

मास्तरांनी नळी विसळून उपडी घातली. मग म्हणाले, "जीपवाला त्येला गैरसोयीचं हाय ते लपवतो, आमी आमाला गैरसोयीचं हाय ते. मग लोकांनी आपल्यात फरक कशानं करायचा? कर्ण्यावरनं?"

मी ओळ घातली. मथळा बदलला. उद्गारचिन्ह फक्त एक राहिलं, तेही मास्तरांच्या नकळत. बाजारादिवशी पत्रक वाटलं. जीपवाला त्या आठवड्यात आलाच नाही. त्याच्यापुरता माझा सगळा त्वेष वाया गेला.

दुसऱ्या दिवशी तात्या शाळेच्या फाटकावर उभे. हातात पत्रक, घडी घालून नेमकी तीच ओळ वर काढलेली. पायात एकच चप्पल. दुसऱ्या पायाला फडकं.

"मास्तर! वाच रं ह्ये! तूच छापलंयस न्हवं? 'साखर कमी चढती.' आन् मला शिकवत हुतास व्हय?"

"खालची ओळ वाचा, तात्या."

"खालची बारीक हाय."

"मोठी हाय!"

"मला बारीक दिसती!"

मी शेजारी होतो. मला विजयाचा आनंद व्हायला हवा होता, कारण मी म्हटलं तसंच झालं होतं. पण मास्तर त्या फडक्याकडं बघत होते. फडक्यातून पाणी पाझरत होतं आणि त्याला वास येत होता. मास्तरांचा चेहरा इतका उतरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

त्याच दुपारी मास्तर पिशवी घेऊन तात्यांच्या सोप्यावर जाऊन बसले. तात्यांचं जेवण झालं, वर तांब्याभर जांभळाचं पाणी झालं. दोन तास मास्तरांनी तिथंच काढले, उसाच्या लागणीवर बोलत. मग नळी. आजूबाजूचे पाच-सहा जण जमले होतेच. दिव्यावर धरायचा अवकाश, निळं गेलं, हिरवं गेलं, पिवळं तर दिसलंसुद्धा नाही, लालभडक वीट.

"वीटभट्टी," कुणीतरी पुटपुटलं.

मास्तरांनी तांब्या हुंगला. तळाला उरलं होतं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग आत हाक मारली, "काकू, ह्येच्यात काय घालता?"

काकू पदर सावरत दारात आल्या. "काय घालणार? जांभळं आन् काकवी."

"काकवी? किती?"

"वाटीभर. नुसतं जांभूळ तोंडात धरवत न्हाई, घसा धरतोय. घरच्या धन्याला तुरट पानी द्यायचं व्हय? आन् आला-गेला पावना बी पितोय त्यातलंच. उसाच्या मळ्यात राहून बिनगोडाचं पानी दिलं तर लोक काय म्हणतील?"

सोप्यावर हशा पिकला. ज्यांच्या घरी गूळ ढेपांनी पडून असतो त्यांच्या पातेल्यातून काहीही गोड झाल्याशिवाय निघत नाही, औषधसुद्धा. तात्याही हसले. आणि हसता हसता त्यांनी आपला बचाव शोधला.

"सापडली की चूक! काकवी बंद. उद्यापास्नं नुसतं जांभूळ, मीठ घालून, मास्तर पितो तसं. मग उतरंल साखर. पत्रकात लिवलंयच."

आणि मास्तर म्हणाले, "बघू."

हा 'बघू' त्यांना महागात पडणार होता. त्यांनाही मनातून वाटत असावं की उतरेल. त्यांच्या नळीनं त्यांना हिरवा दाखवला होता, तोही पुन्हापुन्हा. दुसऱ्या दिवशी काकूंनी कडू तोंड करून तुरट पाणी केलं. तात्या डोळे मिटून प्याले, पलटणीत हिवतापावर कोयनेल प्यायचे तसं. दोन तासांनी सोप्यावर आदल्या दिवसापेक्षा जास्त गर्दी. मास्तरांनी नळी धरली.

तांबडी. काल होती तशीच. फार तर कालच्यापेक्षा एक विटेचा दाणा कमी.

कुणी हसलं नाही. मास्तरांनी दिवा विझवला, नळी चिमट्यात तशीच धरून ते उभे राहिले आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "मी चुकलो."

तात्यांनी मान वर केली.

"माझ्या अंगावर करून बघितलं, आन् वाटलं, झालं. पन माझं अंग निराळं, तुमचं निराळं. माझ्या अंगात अजून थोडी धुगधुगी हाय, म्हणून जांभळानं हातभार लावला. तुमच्या अंगात सुईशिवाय काय चालत न्हाई. ते एका माणसावर दिसलेलं मी छापलं, आन् तुमी माझा इश्वास धरून सुई आनखी लांबवली, पाय नासवला. चूक माझी हाय, तात्या. जांभळाची न्हाई, तुमची बी न्हाई."

तात्या बराच वेळ मिशी चाचपत बसले. मग आत बघून ओरडले, "आगं, त्या कंपाउंडरला बोलवायला धाड कुणालातरी!"

नंतर ते मला म्हणाले होते, "पोरा, लढाईत मला भ्या वाटलं न्हाई. पन मास्तर चुकलो म्हणाला तवा मातूर भ्यालो. मास्तर माणूस कवा चुकलो म्हणतोय व्हय? म्हटलं, प्रकरण लय वाईट दिसतंय."

कंपाउंडरनं पाय बघितला आणि सुईच्या आधी गाडी बघा म्हणाला. तात्यांना सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पायाचं आत्ताच सांगता येत नाही. मास्तरांनी रजा टाकली आणि तिथंच राहिले. मी माधवनगरला घरी होतो, दुपारी डबा घेऊन जायचो. खाटेवर तात्या, खाली सतरंजीवर मास्तर. तात्या डॉक्टरांना मांडीतल्या गोळीची गोष्ट सांगायचे, आणि गोळी सुपारीएवढी झाली की मास्तर खालून म्हणायचे, "कालच्यापेक्षा वाढली बगा."

तिथंच मास्तरांनी मला दुसरं पत्रक सांगितलं. वर त्यांचं नाव आणि त्याखाली: 'मी पूर्वी छापलेलं माझ्यापुरतं खरं होतं. ते तुमच्यापुरतं खरं असेल असं धरू नका. जांभळाचं पाणी प्यायचं तर प्या, काकवी न घालता प्या, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय सुई किंवा गोळी सोडू नका.' मी ते एकही शब्द न बदलता छापलं. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. माझ्या हातून निघालेलं लोकांनी घरात भिंतीला चिकटवलेलं ते एकमेव पत्रक.

बोट गेलं. पाय राहील की नाही, हे पुढं पुष्कळ दिवस कुणीच छातीठोक सांगत नव्हतं. मग तात्या गावी परतले, मास्तरांची बदली म्हसवडकडं झाली, आणि मी वेगळ्याच लढ्यांत अडकलो.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते सांगलीत, कृष्णेच्या घाटावर. थंडीतली सकाळ. तात्या तपासणीला आले होते आणि मास्तर त्यांना भेटायला म्हसवडहून एस.टी.नं आले होते. मी वरून पायऱ्या उतरत होतो; त्यांचं लक्ष नव्हतं. तात्या गुडघाभर पाण्यात उभं राहून अर्घ्य देऊन वर आले आणि काठी न घेता कोरड्या दगडावरून चालत गेले. मास्तर मागं राहिले. ते वाकून दगडाकडं बघत होते. ओल्या पावलांचे ठसे होते. एक पाच बोटांचा, एक चार बोटांचा, मग पुन्हा पाच, पुन्हा चार.

तात्यांनी वळून हाक मारली, "काय रं मास्तर, काय पडलं तुझं?"

"काय न्हाई. या तुमी, हळू चाला."

आणि मास्तर त्यांच्या मागून निघाले, धोतर वर धरून, पायरीच्या एका कडेनं. तो चार बोटांचा ठसा उन्हानं वाळेपर्यंत त्याच्यावर आपला पाय पडू नये म्हणून.